विंच चालू झाला, मामा

बारा व्होल्टला माणूस मरत नाही, मामा. सुप्याहून नगर, नगरहून जामखेड, एसटीच्या अख्ख्या प्रवासात मी एवढंच घोकत होते. आईचा फोन आला तेव्हा मी कंपनीत एका पॅनलचं वायरिंग करत होते. आईला धड बोलता येत नव्हतं. "शितल, मामाला करंट बसला म्हणत्यात. तू ये." मी विचारलं, कुठं बसला, कशाचा बसला. तिला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात तिच्या मागून कुणीतरी बोललेलं मला ऐकू आलं, "त्या जीपचं वायरिंग चाललं हुतं ना त्येंचं." माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर कधी खाली पडला ते मला कळलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने तो उचलून दिला, आणि मी तिला थँक्यूसुद्धा म्हणाले.

कारण ते काम आपण दोघांनी काढलेलं होतं. आदल्याच रविवारी, तुमच्या अंगणात, जीपच्या पुढच्या बंपरवर आपण रुतलेल्या गाड्या ओढायचा विंच बसवला होता आणि तो चालत नव्हता. काम अर्धवट टाकून मी संध्याकाळची बस धरली होती. बॅटरी बारा व्होल्टची. ओल्या हाताने धरली तरी झटका बसत नाही. हे मला पक्कं माहीत आहे, माझं पोटच त्या माहितीवर चालतं. तरी खिडकीला डोकं टेकून मी एकेक जोड मनात तपासत होते. लाल केबल, काळी केबल, बटण दाबलं की विंचला करंट सोडणारा सोलेनॉइडचा डबा, रिमोटची वायर. कुठं काय उघडं राहिलं होतं का? माझ्या हातून काय सुटलं होतं का? आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच यायचं. बारा व्होल्टला माणूस मरत नाही. म्हणजे आईचं ऐकण्यात चूक झालीय. म्हणजे मामा पलंगावर उठून बसलेले असतील आणि मला बघून म्हणतील, शितले, कामावरनं कशाला पळत आलीस?

खर्ड्यात उतरले, वस्तीवर आले, तर दारात माणसं होती. तुम्हाला पडवीत ठेवलं होतं. मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं नाही, मामा. मी तुमचे हात पाहिले. आधी उजवा, मग डावा, तळवे उलटे करून, बोटांची टोकं एकेक करून. करंट लागला की जागा भाजल्यासारखी दिसते, तसं काही नव्हतं. ग्रीस होतं, नखाखाली काळी माती होती, अंगठ्यावर हातोडीचा जुना डाग होता. बायकांना वाटलं, पोरगी मामाचे हात धरून रडतेय. मी रडत नव्हते. मी फॉल्ट शोधत होते.

मग कळलं ते असं. सकाळची लाईट आली म्हणून तुम्ही कांद्याच्या पाण्याची मोटार चालू करायला गेलात. स्टार्टरच्या पेटीपाशी खाली बसलात आणि बसल्याजागी कलंडलात. शेजारच्या रानातल्या भिवाकाकांनी लांबून पाहिलं. पेटीजवळ माणूस पडलाय म्हणजे करंट, असंच त्यांना वाटलं. त्यांनी वाळक्या काठीने तुम्हाला पेटीपासून बाजूला सारलं, मग हात लावला. जामखेडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, करंटबिरंट काही नाही, हृदय बंद पडलं. पेटीत काही बिघाड नव्हता. जीपला तर तुम्ही त्या सकाळी हातही लावला नव्हता.

ते ऐकून मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. आणि मग समजलं की कारण कळल्याने तुम्ही काही उठणार नाही. तिथून पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. कुणी पाणी दिलं, कुणी माझी बॅग आत नेली. तुमची चप्पल पडवीच्या पायरीशी होती, ती कुणीतरी बाजूला सरकवली आणि मी उगाच त्या माणसावर ओरडले.

रविवार मात्र मला पूर्ण आठवतो. गेल्या पावसाळ्यात कुणाचा तरी रुतलेला टेम्पो ओढताना दोर तुटून तुमच्या जीपच्या काचेवर बसला, तेव्हापासून तुम्ही विंचचा ध्यास घेतला होता. रस्त्यावर जीप घट्ट उभी करायची, पोलादी दोर रुतलेल्या गाडीला अडकवायचा आणि रिमोटचं बटण दाबायचं, की मोटार दोर गुंडाळत गाडी ओढून आणते. तुम्ही पुण्याच्या कुणाकडून तरी जुना विंच आणलात. मामी त्याला पहिल्या दिवसापासून विंचू म्हणायची. "आला का तुमचा इंचू घरी?" असं तिने विचारलं, की तुम्ही गंभीरपणे म्हणायचात, "चावत न्हाई तो. जीपचा हाय."

आपण सकाळी जेवून कामाला लागलो. बंपर तुमचा, वायरिंग माझं, अशी वाटणी होती, पण तुम्ही माझ्या वाटणीत येत होता आणि मी तुमच्या. जाड केबल मिळाली नाही म्हणून तुम्ही वेल्डिंगची जुनी केबल वापरलीत. तिच्या टोकांना बोल्टात अडकवायची तांब्याची थिंबलं ठोकलीत, वरून काळी नळी चढवलीत. दिसायला काम झकास होतं. दोर मोकळा सोडून बटण दाबलं, तर ड्रम सरसर फिरला. आत फिरला, बाहेर फिरला. मामीलाही बोलावून दाखवलंत. मग दोर लिंबाला बांधला, जीपचा ब्रेक लावला आणि ओढून पाहिलं. टक्. नुसतं टक्. ड्रम जागचा हलला नाही.

"बॅटरी बसली," तुम्ही म्हणालात.

"बॅटरी बसली असती तर हेडलाइट मंद झाले असते," मी म्हणाले. "ते तसेच आहेत. बॅटरीतून करंट निघतच नाहीये, मामा. वाटेत कुठंतरी अडतंय."

"मग तुझा तो डबा गेला."

"डबा टक् करतोय म्हणजे त्याचं काम तो करतोय. तुमचं अर्थिंग चुकलंय. बंपरच्या बोल्टाला अर्थ दिलाय तुम्ही. तिथं रंग आहे, गंज आहे. काळी केबल थेट बॅटरीपर्यंत न्या."

"अख्खी गाडी त्या चासीच्या अर्थवर चालतीय. स्टार्टर फिरतोय, लाईट लागतीय, हॉर्न वाजतोय. तुझ्या विंचलाच काय सोन्याचा अर्थ लागतोय व्हय?"

दुपारभर हेच चाललं. तुम्ही बोल्ट काढून रंग खरवडलात, मी म्हणाले तरी पुरणार नाही. मी मीटर लावायला गेले की तुम्ही म्हणायचात, आकड्यांनी गाडी ओढत नसती. आपण दोघंही हटलो नाही. खरं सांगू का, मला मजा येत होती. कंपनीत मी ड्रॉइंग बघून वायर जोडते. तिथं माझ्याशी कुणी भांडत नाही.

आणि मधेच तुम्ही फूटबोर्डवर बसलात. घाम पुसलात. मी विचारलं तर म्हणालात, पित्त झालंय. थोड्या वेळाने पुन्हा बसलात. मी म्हणाले, "जामखेडला दाखवून या." तुम्ही म्हणालात, "कांदा लावून हू दे." त्यावरही भांडायला हवं होतं, ते भांडायचं राहून गेलं. बसची वेळ झाली म्हणून मी निघाले, तेव्हा तुम्ही जुनाच विषय काढलात. "शितले, सोड ती कंपनी. जामखेडच्या रस्त्याला गाळा बघतो. तू वायरिंग कर, मी गाड्या बघतो." मी म्हणाले, "बघू." मामा, 'बघू' हा माझा तुमच्याशी बोललेला शेवटचा शब्द आहे. त्याचा मी काय अर्थ लावू?

तुम्ही गेलात आणि परतीचा पाऊस लागला. काळी माती अशी झाली की बैलाचा पाय वर निघेना. दहावा अजून व्हायचा होता. सकाळी भिवाकाका दारात येऊन उभे राहिले. आत येईनात. अंगावर गोणपाट, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांची म्हातारी गोठ्यात पडली होती, कमरेचं हाड मोडलं होतं. जामखेडला न्यायला पिकअप बोलावला, तिला गादीवर मागे ठेवली, आणि त्यांच्या वस्तीच्या उतारावर पिकअप मागच्या दोन्ही चाकांनी आसापर्यंत रुतला. ट्रॅक्टर लावून पाहिला, तो त्या उतारावर आडवाच व्हायला लागला. म्हातारीला उचलून आणायचं तर चिखलात माणसांचेच पाय ठरत नव्हते, आणि हात लावला की ती जिवाच्या आकांताने ओरडत होती.

"अशा टायमाला येऊ न्हाई," भिवाकाका खाली बघत म्हणाले. "पन दुसरं कुनी सुचंना."

भावकीतले एक आजोबा पडवीत बसले होते. ते म्हणाले, सुतकात त्यांची गाडी बाहेर काढू नका. मामी आत गेली आणि किल्ली घेऊन आली. तिने ती माझ्या हातात दिली.

"मामी, तो विंच चालत नाही," मी म्हणाले.

"मंगळवारी दिसभर त्या इंचवापाशीच बसले हुते," मामी म्हणाली. "मी च्या घेऊन गेले तर येकटेच हसत हुते. काय झालं म्हनलं तर म्हनले, शितल यिऊ दे रविवारी, मग सांगतो. तू जा. बघ काय हुतंय."

मला तेव्हा त्यातलं काही उमगलं नाही. मी माझी हत्यारांची पिशवी घेतली, भिवाकाकांना शेजारी बसवलं आणि जीप काढली. गिअर तुम्ही शिकवला तसाच टाकला, क्लच हळू सोडला. खर्ड्याच्या किल्ल्यामागच्या माळावर तुम्ही मला गाडी शिकवलीत, तेव्हा शेजारच्या सीटवर बसून शेंगा खात असायचात आणि मी कितीही वेडीवाकडी चालवली तरी बाहेर बघत राहायचात. माझ्यावर कुणी एवढा भरवसा त्याआधी ठेवला नव्हता. त्या दिवशी वाटेत मी एकदा त्या सीटकडे पाहिलं. भिवाकाका दोन्ही हातांनी दांडा धरून बसले होते.

पिकअपचा ड्रायव्हर आष्टीकडचा होता. पावसात रस्त्यावर उभा होता. जीप दिसली तसा त्याचा चेहरा उजळला. "आण्णांची गाडी," तो म्हणाला. "आता काय चिंता न्हाई. मागल्या साली मला त्येंनीच काढलं हुतं वढ्यातनं. आण्णा न्हाई आले?"

भिवाकाका चिखलाकडे बघायला लागले. त्याला माहीत नव्हतं. मी तोंड उघडलं. पण ते दोन शब्द मी तोवर कुणालाच बोलले नव्हते, मामा. कंपनीत रजा सांगताना म्हणाले, घरी अडचण आहे. मैत्रिणीला म्हणाले, नंतर बोलते. आणि तिथं मागे म्हातारी कण्हत होती.

"नाही," मी म्हणाले. "मला पाठवलंय."

जीप डांबरीवर लावली, चाकांना दगड लावले, इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवले. दोर खाली नेऊन पिकअपच्या पुढच्या हुकाला अडकवला. बटण दाबलं. दोर ताणला आणि टक्. पुन्हा दाबलं. टक्.

मी बॉनेट उघडलं, आणि मामा, मी तशीच उभी राहिले. विंचपासून थेट बॅटरीपर्यंत एक नवी काळी केबल आली होती. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी जागोजागी बांधलेली, कुठं घासू नये म्हणून खाली रबर घातलेलं. माझं ऐकलं होतं तुम्ही. दुपारभर माझ्याशी भांडून, मी गेल्यावर, एक शब्द न बोलता तुम्ही माझं ऐकलं होतं.

आणि तरी विंच चालत नव्हता. तेव्हा मला तुमचं ते हसणं समजलं. केबल टाकल्यावर तुम्ही बटण दाबून पाहिलं असणार. पुन्हा टक् वाजलं असणार. म्हणजे पोरगीही चुकली. हे तुम्ही रविवारसाठी राखून ठेवलं होतं. मी यायची, ती केबल बघून फुशारकी मारायची, आणि मग तुम्ही बटण माझ्या हातात द्यायचात. मला तो रविवार अगदी डोळ्यांसमोर दिसला. पावसात, बॉनेटखाली डोकं घालून, मला हसू आलं.

भिवाकाकांना हाक मारून रिमोट त्यांच्या हातात दिला. मी म्हणेन तेव्हा दाबायचं, सोड म्हटलं की सोडायचं. मीटर काढला. बटण दाबलेलं असताना बॅटरीवर बारा दाखवत होता आणि विंचवर जेमतेम सात. मधले पाच व्होल्ट वाटेत कुठंतरी खाल्ले जात होते. तुमच्या नव्या काळ्या केबलवर पाहिलं, तिथं काहीच गळत नव्हतं. मग लाल केबलच्या दोन टोकांना मीटरच्या सुया लावल्या आणि ते पाच तिथं सापडले. बॅटरीकडच्या थिंबलाला हात लावला तर चटका बसला. नळी चाकूने फाडली. आत तारा काळ्या पडल्या होत्या, बहुतेक तुटलेल्या, मोजक्या तेवढ्या धरून होत्या. मोकळा ड्रम फिरवायला त्या पुरत होत्या. गाडी ओढायला कशा पुरणार? रविवारी आपण दोघं ज्याच्यावरून भांडलो, त्यात फॉल्ट नव्हताच, मामा. वेल्डिंगची केबल आतून कुजलेली होती. ना तुम्हाला दिसलं, ना मला.

खराब तुकडा कापून टाकला. चांगलं तांबं लागेपर्यंत सोललं. तुम्ही केबलला ढील ठेवली होती म्हणून ती पुरली. पिशवीत थिंबल होतं, ते दगडावर ठेवून तुमच्याच हातोडीने ठोकलं. ड्रायव्हर माझ्या डोक्यावर गोणपाट धरून उभा होता. बोल्ट आवळले. बटण या वेळी मी दाबलं.

हेडलाइट मंद झाले. मोटारीचा आवाज जड झाला. ड्रम वळला. दोर एकेक वेढा घेत गेला आणि खाली पिकअपचं तोंड हळूच वर उचललं गेलं. चिखलाने चाक सोडलं तेव्हा झालेला तो आवाज तुम्ही किती वेळा ऐकला असेल. मी पहिल्यांदा ऐकला. पिकअप डांबरीवर आला तसा मी खिशातून मोबाईल काढला आणि तुमचं नाव दाबलं. रिंग गेली. चक्क रिंग गेली, मामा. घरी पडवीतल्या कोनाड्यात तो वाजत असणार. मी घाईघाईने कट केला.

म्हातारी जामखेडला पोचली. तिचं ऑपरेशन झालं, आता कुबडीवर उभी राहते असं भिवाकाका सांगतात. त्या सकाळी निघताना ड्रायव्हरने काच खाली केली आणि म्हणाला, "आण्णांना माझा रामराम सांगा. म्हनावं, गाडी येका झटक्यात निघाली."

"सांगते," मी म्हणाले.

घरी आले तर मामी दारातच उभी होती. निघाली का, तिने विचारलं. निघाली म्हणाले. तिने विचारलं, त्येंचं नाव काढलं का कुनी? मी सगळं सांगितलं. मला पाठवलंय असं बोलले, तेही सांगितलं. मला वाटलं, ती रडेल. तिने जीपकडे पाहिलं. मग म्हणाली, "खोटं कुठं बोललीस? त्येंनीच पाठवलं तुला." मी तिथंच पायरीवर बसले आणि तिला म्हणाले, "मामी, मामा गेले गं." जसं काही तिला माहीतच नव्हतं. तिने माझं चिखलाचं डोकं पोटाशी धरलं. तेव्हा मला रडू आलं.

गाळ्याचं मी अजून ठरवलेलं नाही. कंपनीत परत आलेय. हात काम करतात. पण जेवायच्या सुट्टीत तो ड्रायव्हर आठवतो, आणि त्याला दिलेला शब्द. परवा मामीला फोनवर म्हणाले, त्याचा निरोप राहिलाय गं द्यायचा. ती म्हणाली, "मग कळीव की." कुठं कळवायचं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पिकअपवाल्याने तुम्हाला रामराम सांगितलाय, मामा.